मानाचा पयला नंबर

यादी करायचं ठरलं तवा माझ्या गिरणीत अकरा माणसं दळण घेऊन बसली हुती, आणि त्या अकरातला एकबी कवा अकरावीला गेला नव्हता. तरी सल्ला द्यायला कुणी मागं सरलं न्हाई. म्या सवता चौथी पास. पण गिरणीवाला माणूस पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढून बोलतो, त्यामुळं त्येचं समद्यांला ऐकू जातं, आणि ज्येचं ऐकू जातं त्येलाच आमच्या विंझर गावात शाना धरत्यात. तसा म्या बारा-पंधरा वर्सं शाना म्हणून चाललो. औंदा थांबलो. लपवून काय उपेग न्हाई, वेल्ह्यापतूर समद्यांला ठावं हाय, तवा माझ्याच तोंडून ऐका.

यादी मोहिनीची. मोहिनी म्हंजी रोहिदास धनगराची थोरली. त्येंची वाडी पार डोंगराच्या माथ्याला. रस्ता न्हाई, शाळा चौथीपतूर. पाचवीपासून पोर आमच्यात राहून शिकली. बाळाबाई, म्हंजी आमची मंडळी, तिची येणी घालायची आणि म्या तिला जोखायला बसवायचो. काट्यावर एक छटाक हिकडं-तिकडं झालेलं तिला खपायचं न्हाई. गिऱ्हाईक म्हणायचं, गेनबा, तुजं काय खरं न्हाई, पण पोरीचं माप खरं. म्या वरवर रागवायचो.

तर त्या पोरीला दहावीला एकोणनव्वद टक्के पडले. म्या पेढे वाटले. वाटताना असं तोंड केलं की जणू पेपर म्याच लिवलेत.

दुसऱ्या दिवशी रोहिदास डोंगर उतरून आला. हातात तुपाची बरणी. पेढा हातात धरून बसला, खाल्ला न्हाई. मंग म्हणला, “आबा, पोरीच्या राहण्याचं कसं?”

पोरीला जनावरांची डाक्टर व्हायचं हुतं. हे खूळ न्हवं. मागल्या साली त्येंच्या वाडीत शेरडांवर रोग आला, खालचा डाक्टर फोनवर म्हणला की जनावरं खाली आणा. मेलेली शेरडं कशी खाली आणायची ते काय सांगितलं न्हाई. तवापासून तिनं धरलं हुतं. त्येला सायन्स लागतं, आणि सायन्स नीट शिकायचं तर पुणं लागतं, आणि पुण्याला राहायचं तर पोरींचं सरकारी होस्टेल लागतं. रोहिदासानं तेवडंच सांगितलं. सरकारी होस्टेल मिळालं तर पोर शिकंल. न्हाई मिळालं तर वर शेरडं हायेत, आणि तिच्या आयशीचे गुडघे गेलेत.

म्या म्हणलं, रोहिदास, तू निचिंत डोंगर चढ. यादी म्या करतो.

ह्यो माझा पयला शबूद, आणि हितंच गिरणी बंद केली असती तर बरं झालं असतं.

आता ही यादी म्हंजी काय, तर समदं हल्ली कॉम्प्युटरवर हाय. दहा कॉलेजांची नावं एकाखाली एक भरायची, आणि सरकार मार्कं बघून त्यातलं एक देतं. मोहिनीचं इंद्रजित सर म्हणून मास्तर हायेत, भला माणूस. ते गिरणीवर आले, पोत्यावर बसले आणि म्हणले, “आबा, तीन अशी टाका की लागली तर नशीब. चार अशी टाका की बहुतेक लागतीलच. आणि तीन अशी, की काहीही झालं तरी हातातून जाणार नाहीत.”

मला एकदम पटलं. म्हणलं, सर, हे तर आमी बापजाद्यापासून करतो. खाचरात इंद्रायणी भात, वरकस उतारावर नाचणी, आणि पार चढावर वरी. पाऊस कसाबी पडू दे, एक तरी घरात येतंच. सर लई खूष झाले. उठता उठता म्हणले, “आणि एक नंबरला मनातलं टाका. एक नंबर लागला की तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर शेवटच्या फेरीपर्यंत बाहेर.” म्या म्हणलं व्हय. ऐकलं नीट, समजलंबी. समजून माणूस जे करतो त्येला मंग नाव न्हाई.

यादी गिरणीच्या खोक्यावर चिकटवली आणि गाव कामाला लागलं. रखमाजी म्हणला, टेसनाजवळचं कॉलेज नगं, तितं पोरं चहाच्या टपरीवरच पदवी घेत्यात. धोंडाबाई म्हणली, ज्येला दगडी भित हाय तेच टाका, तारंच्या कुंपणाचं नगं, तारंतनं शेळी जाती तर पोरगं जाणार न्हाई व्हय. एकजण म्हणला, त्येच्या साडूचा पोरगा एका कॉलेजात हुता आणि तितं डबा चोरीला जातो. ते कॉलेज आमी डब्यापायी खोडलं. एक कॉलेज लई लांब म्हणून खोडलं, एक लई जवळ म्हणून. मोहिनी शांतपणानं खोडलेलं पुन्हा लिवायची. तिच्या मनातलं एकच हुतं: होस्टेलाच्या दारातनं रस्ता ओलांडला की कॉलेज. मागल्या साली तितं सत्त्याऐंशीला दार बंद झालेलं, म्हंजी तिला लागणार. ते तिनं पयल्या नंबराला लिवलं आणि खाली रेघ मारली.

आता दाखल्याचं. जातीचा दाखला आणि कॉलेजची पावती असल्याबिगार होस्टेल न्हाई. दाखल्याला एकसष्ट सालाच्या आधीचा पुरावा. वेल्ह्याच्या तहसिलात कारकून म्हणला, आजोबांच्या शाळंचा दाखला आणा. रोहिदास म्हणला, आजा शाळंत गेला न्हाई. मंग पंजोबांचा आणा, म्हणला. मंग रोहिदासानं समजावलं की वाडीत तवा शाळाच नव्हती. कारकून म्हणला, मग तुम्ही धनगर आहात हे सिद्ध कसं होणार? रोहिदास थोडा इचार करून म्हणला, “सायेब, शेरडांला इचारा.”

त्या एका वाक्यानं आमचं काम आठ दिस मागं गेलं.

मंग कुणी सांगितलं की भोरला जुनी जन्ममृत्यूची वही हाय. गेलो. वही हुती, पण मोडीत. मोडी वाचणारे एकच अण्णा, ते जेवण झालं की झोपायचे आणि उठले की चष्मा हुडकायचे. दोन दिस त्येंचा चष्मा आमी हुडकला. शेवटाला त्येंनी वाचलं: “धनगर. मुलगा झाला. नाव ठेवलेलं नाही.” कारकून म्हणला, नाव नाही म्हणजे हा कोण कशावरून? म्या म्हणलं, सायेब, जलमल्या दिवशी कुणाचं नाव असतं? तुमचं हुतं? त्येनं मला बाहेर बसाय सांगितलं. म्या बाहेर बसलो. पन्नास वर्सं ज्या माणसानं तालुक्याला दळून घातलं, तो तहसिलाच्या पायरीवर चपलांच्या शेजारी बसलेला विंझरच्या निम्म्या एसटीनं बघितला.

तवा आनंदराव पिक्चरमधी आले.

आनंदराव म्हंजी मोठं प्रस्थ. सारोळ्याच्या अलीकडं हायवेला त्येंनी नवं कॉलेज काढलेलं. पत्र्याचं शेड, फुडं कमान. कमान शेडापेक्षा उंच. त्येंला कुठनं तरी आमचं समजलं, त्येंनी फोन केला, आणि पाच आठवडं अडकलेला दाखला तिसऱ्या दिवशी हातात. कायबी मागितलं न्हाई. पुढल्या बेस्तरवारी सवता गाडी घेऊन गिरणीवर आले. पांढऱ्या कपड्यानिशी नाचणीच्या पोत्यावर बसले, मागं पीठ लागलं तरी झटकलं न्हाई. चहा घेतला. बाळाबाईला वयनी म्हणले. मंग त्येंची नजर खोक्यावरच्या यादीवर गेली.

त्येंनी ती वरनं खाली वाचली. मंग खालनं वर वाचली. त्येंचं कॉलेज तितं नव्हतं. चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला. म्हणले, “चांगली केलीय यादी, गेनबाशेठ. येतो.”

तेवडंच. शिवी दिली असती तर म्या झोपलो असतो.

आता हितं तुमाला आमच्याकडची एक गोष्ट सांगतो, म्हंजी मला निस्ता गाढव म्हणणार न्हाई, कारण सांगून म्हणाल. आमच्यात कुठलीबी यादी मानानं लागती. लग्नाची पत्रिका असू दे, यात्रंचा नारळ असू दे, पंगत असू दे. पयलं नाव मानाचं. तो येणार का न्हाई, जेवणार का न्हाई, ह्याच्याशी संबंध न्हाई. नाव वर पायजे. माझ्या पोराच्या लग्नात म्या पत्रिकेत एका चुलत्याचं नाव चौथं टाकलं. छापखान्यावाल्यानं जागा न्हाई म्हणून सहावं केलं. चुलते मांडवातनं उपाशी उठले आणि तेरा वर्सं दळण शेजारच्या मार्गासनी गावाला नेत हुते, गिरणी पन्नास पावलांवर असताना. मेले तवा त्येंच्या तेराव्याचं पीठबी मार्गासनीचं. अशा पोळलेल्या माणसासमोर आनंदरावांनी चष्म्याची घडी केली.

वेल्ह्याला धनाजीचं सेवा केंद्र हाय, तितं फॉर्म भरायचा. सकाळची पयली एसटी धरून म्या आणि मोहिनी गेलो. धनाजी कॉम्प्युटरावर बसला, मोहिनी कागूद वाचाय लागली. तिनं पयलं नाव वाचायच्या आधी म्या म्हणलं, थांब. एक नंबरला आनंदरावांचं टाक.

धनाजीनं मान वळवली. पोरीनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, “आबा, पयला नंबर लागला तर घ्यावा लागतो.”

म्या म्हणलं, अगं, लागतोय कशाचा? सरकार काय आंधळं हाय? एकोणनव्वद टक्क्याची पोर ते पत्र्याच्या शेडात कशाला धाडंल? मार्कं मोठी, कॉलेज मोठं. हिशोब सरळ हाय. तुजं रस्त्यापलीकडचं दोन नंबरला हायेच. ते वरचं निस्तं मानाचं पान हाय. वाढायचं, हात जोडायचे, आणि आपण आपल्या ताटावर बसायचं.

ती म्हणली, सर म्हणत हुते की...

म्या म्हणलं, सर शिकवायला शाने हायेत. माणसं मला कळत्यात.

पोर गप झाली. सहा वर्सं आमच्या घरात खाल्लेल्या भाकरीनं ती गप झाली, हे मला तवा कळलं न्हाई. धनाजीनं समदं भरलं. शेवटाला कॉम्प्युटरावर आलं: आपली खात्री आहे का? मला रागच आला. माझ्या दारात कलेक्टरचा डायवर दळून गेलाय, आणि ह्यो डबा मला इचारतोय खात्री हाय का. म्या म्हणलं, धनाजी, दाब व्हय.

त्येनं दाबलं. म्या आनंदरावांला तितनंच फोन लावला, तुमचं नाव एक नंबरला टाकलंय म्हणून. ते लई गहिवरले. मलाबी बरं वाटलं. येताना दोघांनी वडापाव खाल्ला. मोहिनीनं निम्मा बांधून घेतला, भूक न्हाई म्हणली.

यादी लागली त्या दिवशी गिरणीत गव्हाचं दळण चालू हुतं. इंद्रजित सर गाडीवरनं आले, आत आले, आणि सवता हात घालून पट्टा बंद केला. गिरणी अशी मधनं बंद केली की दगडात दाणा अडकतो, म्हणून म्या वरडणार हुतो. त्येंचं तोंड बघून न्हाई वरडलो.

“आबा,” सर म्हणले, “एक नंबर लागला.”

मंग त्येंनी मला खुर्चीत बसवून समजावलं. सरकार वरनं खाली वाचतं. जे पयलं बसंल ते देतं आणि वही मिटतं. आनंदरावांच्या कॉलेजात पस्तीस टक्क्यालाबी दार उघडं, तितं एकोणनव्वदची पोर गेली तर कुंकू लावूनच आत घेत्यात. सरकारनं दोन नंबर वाचलाच न्हाई. म्या म्हणलं, पर मार्कं? सर म्हणले, आबा, तुम्ही मागितलं ते त्यांनी दिलं.

मोहिनी काट्याशेजारी उभी हुती. ती रडली न्हाई. निम्म्या राहिलेल्या दळणाचं पीठ तिनं डब्यात भरलं, आणि गिऱ्हाईकाला म्हणली की बाकीचं सांजच्याला न्या.

पर अजून बुडालेलं नव्हतं. सर म्हणले, दाखलेच देऊ नका. प्रवेश घेऊ नका. शेवटच्या फेरीला पुन्हा यादी भरता येती, रस्त्यापलीकडचं तवाबी लागंल. होस्टेलाची मुदत तेवडी धरायची. फक्त मूळ दाखले हातचे सोडू नका, आबा. म्या शपथ घेतली.

चौथ्या दिवशी आनंदरावांची गाडी आली. कॉलेजात छोटासा कार्यक्रम हाय, पोरीला घेऊन या म्हणले. म्या ठरवून गेलो हुतो की तोंडावर सांगायचं, सायेब, माफ करा, पोर हितं शिकणार न्हाई. काखंत दाखल्यांची पिशवी, का, तर घरी ठेवायची भीती. बघा म्हंजी.

कमानीला फ्लेक्स. त्येच्यावर मोहिनीचा फोटो, आणि तिच्या शेजारी तिच्यापेक्षा मोठा माझा. विज्ञान शाखेची प्रथम मानकरी, असं तिच्या खाली. माझ्या खाली शिक्षणमहर्षी. चौथी पास माणसानं ते तीनदा वाचलं. आत प्रयोगशाळा दावली. एक नळ हुता, पाणी यायचं हुतं. मंग स्टेजवर नेलं, माइकवर नाव पुकारलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, लोकांनी टाळ्या पिटल्या. आनंदराव माइकवर म्हणले की ह्या माणसानं पुण्याची कॉलेजं खाली ठेवून आपलं वर ठेवलं. आणि हात फुडं केला. फोटोवाला म्हणला, दाखले देताना एक घेऊ.

शाल अंगावर असताना न्हाई म्हणता येत न्हाई. ज्येला येतं त्येनं मला शिकवावं. म्या पिशवी दिली.

तो फोटो अजून हाय. त्यात समदी कॅमेऱ्याकडं बघत्यात, एकटी मोहिनी पिशवीकडं.

इंद्रजित सरांला सांगितलं तवा त्येंनी पयलं पाणी मागितलं. मंग म्हणले, आता कॉलेजनंच त्यांच्या कॉम्प्युटरवरून प्रवेश रद्द केला पाहिजे, तरच शेवटची फेरी. आणि होस्टेलची मुदत पंधरा दिवस.

सारोळ्याला पयल्यांदा गेलो, तर प्रिन्सिपॉल लग्नाला. दुसऱ्यांदा गेलो, तर आनंदराव पुण्याला. शिपाई म्हणला, शिक्षणमहर्षी, बसा की, फ्लेक्स अजून हाय. तिसऱ्यांदा आनंदराव भेटले. शाल आणि नारळ परत द्यावा म्हणून म्या निघालो हुतो, पर नारळाची बाळाबाईनं चटणी केलेली. वाटंत दुसरा घेतला.

त्येंनी नारळाकडं बघितलं. म्हणले, “गेनबाशेठ, मान तुमी दिला. म्या मागितला हुता का?”

खरंच मागितला नव्हता.

मंग त्येंनी शांतपणानं सांगितलं. सायन्सचा वर्ग चालू राहायला वीस पोरं लागत्यात. मोहिनी धरून वीस हुती. ती गेली की वर्ग गेला, मास्तरांच्या नोकऱ्या गेल्या. एकोणीस पोरांच्या बापांला काय सांगू, त्येंनी इचारलं.

म्या म्हणलं, “त्येंच्या बापांला काय सांगायचं ते तुमी बघा. हिच्या बापाला म्या शबूद दिलाय.”

वाईट माणूस न्हाई तो, हे मला त्या वक्तालाबी कळत हुतं, आणि त्येचाच जास्त राग येत हुता. मंग म्हणले, विसावं पोर आणा, तुमची पोर घेऊन जा.

तर मंग म्या पोर हुडकाय लागलो. भाताची लावणी चालू, समदी माणसं चिखलात, आणि म्या बांधावर उभा राहून इचारतोय, कुणाचं दहावी झालेलं हाय का? लोकांला वाटलं लग्न जुळवतोय. एका म्हातारीनं मला जलमकुंडली दिली. धा दिस हिंडलो. अकराव्या दिवशी रखमाजी सवताच आला. त्येची नात साधना, बावन्न टक्के, घरीच बसून हुती, फुडं काय करायचं ते कुणी तिला इचारलंच नव्हतं. रखमाजी म्हणला, सायन्सला मिळतंय व्हय? आमच्या साधनीला? त्येचं तोंड बघून म्या सांगायला पायजे हुतं, की रखमाजी, तितल्या नळाला पाणी न्हाई. म्या त्येला म्हणलं, चांगलं कॉलेज हाय.

तिचा प्रवेश झाला, मोहिनीचा रद्द झाला. रखमाजीनं गिरणीवर येऊन पेढा भरवला. माझ्या हातानं न्हाई, त्येच्या हातानं, तोंडात. तो पेढा म्या गिळला. आयुष्यात लई काय काय गिळलंय, पर तसं कायच न्हाई.

शेवटची फेरी भरली. यादी मोहिनीनं सांगितली, धनाजीनं लिवली, म्या बाहेर बाकड्यावर बसलो. रस्त्यापलीकडचं कॉलेज तिला लागलं. पयल्या नंबराला. गिरणीत लोकांनी टाळ्या वाजवल्या, रखमाजीनं समद्यांत जोरात.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पुण्याला गेलो. प्रवेश झाला. तिनं कॉलेजची पावती घडी करून पुस्तकात ठेवली, रस्ता ओलांडला, आणि आमी होस्टेलाच्या दारात उभं राहिलो. दगडी भित. धोंडाबाईला आवडली असती. आतल्या बाईंनी कागद बघितले, समदे बघितले, आणि म्हणल्या, यादी शुक्रवारी बंद झाली. आज मंगळवार हुता. म्या हात जोडले, मोडी वाचणाऱ्या अण्णांपासून समदं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. रजिस्टर उघडून दावलं; खाटा भरलेल्या, मागं वाट बघणाऱ्या एकतीस पोरींची नावं. म्हणल्या, हिचं बत्तिसावं लिहू का?

मोहिनी म्हणली, लिवा.

परतीच्या एसटीत आमी शेजारी बसलो. नसरापूर मागं पडलं. मंग तिनं इचारलं की आबा, साधनाला बस किती वाजता धरावी लागती. म्या म्हणलं, साडेपाच. ती म्हणली, लई लौकर हाय.

रोहिदास दुसऱ्या दिवशी आला. त्येला कुणी तरी वाटंतच सांगितलं असणार, कारण त्येनं काय इचारलंच न्हाई. म्याच बोललो. म्हणलं, पुण्यात पोरींसाठी खाजगी खोल्या असत्यात, एका खोलीत चौघी, म्या बघतो, समदं म्या बघतो. त्येनं ऐकून घेतलं. म्हणला, “न्हाई आबा. परक्या घरात पोर ठेवत न्हाई आमी. तुमच्यात ठिवली, ती तुमाला बघून ठिवली.”

त्येनं रागानं म्हणलं असतं तर म्या भांडलो असतो. तो तुपाची बरणी घेऊन आला हुता, नेहमीसारखी. ती त्येनं बाळाबाईच्या हातात दिली.

बाळाबाई आत जाऊन चुलीपाशी बसली ती उठली न्हाई. मोहिनीनं कपडे एका पिशवीत भरले. पुस्तकांला पिशवी पुरंना, म्हणून गव्हाचं रिकामं पोतं झटकून त्यात भरली. दहावीचीबी आणि सरांनी कुठनं तरी आणून दिलेली अकरावीचीबी. तोंड सुतळीनं शिवलं, दळणाच्या पोत्याचं शिवते तसंच. म्या तितं उभा. तोंडाला येईल ते बोलत हुतो. वरीस काय, आत्ता जाईल. फुडच्या साली म्या सवता पयल्या दिवशी होस्टेलात जाऊन बसतो, सरांला धरतो, धनाजीला धरतो, अशी यादी करतो की...

ती उठली. हाताला लागलेलं पीठ पुसलं.

“आबा,” ती म्हणली, “फुडच्या साली यादी म्या करीन. तुमी दळा.”

राग नव्हता त्यात. माप सांगताना सांगते तसं म्हणली. म्या रोहिदासाकडं बघितलं, का, तर फुडचं साल त्येच्या हातात. तो व्हय म्हणला न्हाई, न्हाई म्हणला न्हाई. पिशवी त्येनं पोरीकडं दिली. मंग त्येनं ते पुस्तकांचं पोतं हातानं उचलून बघितलं. लई जड हुतं. वर माथ्यावर जायला दोन तासांचा चढ, मधी पाणी न्हाई. हितंच राहू दे, असं म्हणायला त्येला कुणी अडवलं नव्हतं.

त्येनं वाकून पोतं डोक्यावर घेतलं, आणि चढाला लागला.